सातला कसोटी नाही

बाई, तुझं नाव मी उखाण्यात एकदा घेतलं, पुन्हा कधी घेतलं नाही. सगळं लासूर स्टेशन तुला बाई म्हणायचं, पुंडलिकनगरची ही गल्ली बी बाईच म्हणते, मग मी काय वेगळं म्हणणार. आता लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीला अडलो. गेलेल्या माणसाला नावानं हाक मारावी का? नाही मारत. तू वळून बघितलंस म्हणजे?

लिहा म्हणून तुला सुई द्यायला यायची ती शबाना मागं लागली. म्हणली, "काका, बोलत नाही तर लिखो तरी. अंदर रखे तो सडताय." माझं अक्षर तुला माहीत आहे. कोंबडी चालून गेल्यासारखं म्हणायचीस. आता तपासायला कोणी नाही, म्हणून बिनधास्त लिहितो.

समोरच्या खोलीतली तुझी खाट गेली. ती भाड्याची लोखंडी खाट, डोक्याकडची बाजू वर-खाली करायचा दांडा असलेली. माणसं आली आणि घेऊन गेली. तिच्या पायांचे चार गंजके डाग फरशीवर राहिलेत. फिनेल टाकून घासले, चिंच लावून घासले, जात नाहीत. दुपारी कूलर लावला की त्या चार डागांच्या मधली हवा बाकीच्या खोलीपेक्षा गार लागते. आपला लेक विलास जाताना म्हणला, कूलरचं तोंड तिकडं आहे म्हणून. असंल. मी तोंड फिरवून बघितलं नाही.

एकच गोष्ट मला खात होती, ती आधी सांगतो. शेवटच्या उन्हाळ्यात तू जे आकडे बोलत होतीस, ती उत्तरं होती का नुसतं तोंडातून सांडत होतं? त्या आकड्यांच्या भरवशावर मी तुला घरी ठेवलं. दवाखान्यात नेऊ दिलं नाही. उत्तरं असतील तर मी तुझं ऐकलं. सांडणं असंल तर मी माझी बायको एका पोरखेळावर घालवली. आपल्या लेकाला दुसरंच खरं वाटतं. तोंडानं म्हणत नाही, पण फोनवर आता "जेवलात का" एवढंच विचारतो आणि ठेवतो.

पोरखेळ म्हणतो, पण तो आपल्या दोघांचा होता. लग्न करून तू लासूरला आलीस तेव्हा घरात माणसांची जत्रा. आबा ओसरीत, आई चुलीपाशी, दीर-नणंदा सगळ्या दारांत. नवरा-बायकोनं दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती. तू शाळेत शिकवायला जाणारी घरातली पहिलीच सून. मी मोंढ्यात पोती उचलणारा, दुसरी नापास. नापास बी कसला, आमच्या गावात उर्दू शाळा होती, अलिफ-बे आणि आकडे तेवढे शिकलो. मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज गेलं, जुने मास्तर निघून गेले, नवा मास्तर मराठी घेऊन आला. आबा म्हणले, "आता पुन्हा पयल्यापासनं कशाला शिकतोस, ढोरं वळ." ती माझी शाळा.

तर तू मला पहिली गोष्ट शिकवलीस ती तीनची कसोटी. आकड्यातले अंक बेरजेला लावायचे, बेरीज तीननं गेली तर तो आकडा तीननं गेला, बाकी काही उरत नाही. मला बेरीज बी धड येईना. तेव्हा तू माझा हात हातात घेतलास, लग्नानंतर उजेडात पहिल्यांदाच, आणि बोटं उलगडलीस. "हे बघा, एका बोटाला तीन पेरं. करंगळीपासनं सुरू करून अंगठा खालनं वर सरकवत न्यायचा. एक अंक संपला की पुढचा तिथूनच मोजायचा. शेवटी अंगठा बोटाच्या टोकाला थांबला तर तीननं भाग गेला. मधी थांबला तर नाही गेला." मी म्हणलं, "मंग त्याचं काय करायचं?" तू म्हणलीस, "गेला तर व्हय. नाही गेला तर नाय."

झालं. सकाळी मी कानात विचारायचं, आज संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागं येतीस का? संध्याकाळी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायचं, "काय ओ बाई, किती पोरं आली आज शाळेला?" तू आकडा सांगायचीस. माझा हात सदऱ्याच्या खिशात, अंगठा पेरांवर.

आईला लई दिवसांनी संशय आला. "काय गं, काल एकशे अकरा पोरं सांगितलीस, आज चाळीस? सत्तर पोरं एका रातीत मेली का काय?"

"गोवराची साथ हाय आत्याबाई," तू म्हणलीस. तोंड इतकं सरळ, की आईनं दुसऱ्या दिवशी लिंबाचा पाला दाराला बांधला.

आणि त्या दौलताबादच्या फजितीचं काय सांगू. मी विचारलं होतं, रविवारी पॅसेंजरनं किल्ला बघायला जायचं का. आबा समोरच बसलेले, म्हणून तू बोलली नाहीस, पाटीवर आकडा लिहून ओट्यावर ठेवलीस. मी बघितलं, एक आणि पाच. सहा झाले, अंगठा टोकाला. नवी टोपी घालून स्टेशनावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. उन्हं उतरल्यावर घरी आलो तर तू भाकरी थापतीस.

"मी नाय म्हणलं होतं की!"

"पाटीवर पंधरा होतं!"

तू पाटी आणून बघितलीस आणि पदर तोंडात कोंबून हसलीस. पाटीवर दहा होते. माझ्या उर्दू शाळेत पाच गोल काढायचे आणि शून्याला नुसतं टिंब. तुझं शून्य मला पाच दिसलं. "निजाम गेला," तू म्हणलीस, "पण तुम्ही त्याच्या शाळेतनं अजून सुटला नाहीत." त्यानंतर तू मला सगळे आकडे नव्यानं गिरवायला लावलेस. तरी आजबी शून्य आलं की माझा हात टिंब द्यायला जातो.

तुझी बदली शहरात झाली, आपण इथं आलो, मी कारखान्यात वॉचमन लागलो. स्वतःच्या घरात बोलायला कोणाची चोरी नव्हती, तसा आपला खेळ बंद पडला. तू दुसरा खेळ काढलास. समोरच्या खोलीत शिकवणी, भिंतीला फळा, आणि कसोट्या. मी बाहेर बाकड्यावर बसून ऐकायचो. दोनची कसोटी शेवटच्या अंकावर. पाचची बी तशीच. नऊची तीनच्या मोठ्या भावासारखी. अकराची एक सोडून एक. पोरं घोकायची आणि मग एखादं धीट पोरगं विचारायचं, "बाई, सातची?"

"सात घुमा आहे," तू सांगायचीस. "तोंडावरून काही कळू देत नाही. त्याची एक कसोटी आहे म्हणतात, पण ती भागाकारापेक्षा वाकडी. सातच्या दारात बसून भागूनच बघावं लागतं."

हेच वाक्य तू मला दरसाल ऐकवलंस. वटपौर्णिमेला. तुझा त्या दोऱ्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण आईसाठी जायचीस, आई गेल्यावर बी जात राहिलीस. परत आलीस की मी विचारायचो, "काय, मागितलंस का मला? सात जन्म?"

"सातला कसोटी नाही. भागूनच बघावं लागतं."

"अगं, व्हय का नाय ते सांग!"

"भागा."

एकदाबी सांगितलं नाहीस. मी बी दरसाल चिडलो. एकदा म्हणलं, "मला बी काय हौस नाय. हा जनमच जड चाललाय." तू ताटात वाढता वाढता म्हणलीस, "मग कशाला विचारता दरसाल?" मी जास्तीची भाकरी मागितली.

मग झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तुझ्या तोंडात एक शब्द राहिला नव्हता. माझी ओळख डोळ्यांत होती, पण हाक नव्हती. मी घोंगड्यासारखा पडून राहिलो कोपऱ्यात. तिसऱ्या-चौथ्या दुपारी, कूलर चालू होता, मी सहज विचारलं, "पाणी देऊ का?"

आणि तू म्हणलीस, "एकशे अकरा."

स्पष्ट. शाळेतल्या आवाजात. चेहरा एका बाजूला ओघळलेला, आणि आवाज मात्र फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा. जुनं घर, आई, लिंबाचा पाला, सगळं त्या एका आकड्यात येऊन खाटेवर पडलं होतं. मी पाणी दिलं. तू प्यालीस.

"उशी उंच करू?"

"चाळीस."

नाही केली.

डॉक्टर म्हणले, बोलण्याची जागा गेली तरी आकडे कधी कधी वेगळ्या कप्प्यात शाबूत राहतात, त्यात अर्थ शोधू नका. शबाना इंजेक्शन द्यायला यायची. तुझीच शाळेतली पोरगी, आता नर्स, दोन गल्ल्या सोडून राहते. एका दुपारी ती तुझं अंग पुसत होती आणि तू तिच्याकडं बघून म्हणलीस, "सत्तावीस." तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. तोंडातून आपोआप गेलं, "हजर, बाई."

बाहेर येऊन मला म्हणली, "काका, सत्तावीस मेरा रोल नंबर था. चौथी में. बाई कू कैसे याद?" "बाई हाजरी लेरे काका. किसकी लेरे, मेरे कू डर लगताय." त्या दिवशी ती चहा न घेता गेली. दुसऱ्या दिवशी आली ती तुझ्यासमोर उभी राहून आधी "नमस्ते बाई" म्हणली, लहान पोरीसारखं.

मी तुझ्या हातावर मोजायला लागलो. माझ्या बोटांच्या पोती उचलून गाठी झाल्यात, अंगठ्याला पेर लवकर समजत नाही. तुझा उजवा हात निकामा पडलेला, माठाखालच्या वाळूसारखा गार. तो मांडीवर घ्यायचा, प्रश्न विचारायचा, तू आकडा बोलायचीस, आणि मी तुझ्याच बोटांवर अंगठा चढवत न्यायचो. उत्तर तुझ्या हातात मिळायचं. खिचडी चालंल? कूलर लावू? विलासला बोलावू? "बहात्तर." बोलावलं.

तो आला त्याच आठवड्यात तुझ्या छातीत कफ भरला. विलास म्हणला, दवाखान्यात टाकू, मशीन लागंल, पण लावू. मी म्हणलं, तिला विचारू. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मीच पडलोय. मी तुझा हात घेतला. "परत दवाखान्यात जायचं का?"

"दोनशे शहाण्णव."

दोन, नऊ, सहा. अंगठा मधल्या पेरावर. नाय.

संध्याकाळी पुन्हा विचारलं. "पाचशे तीन." नाय. सकाळी विलाससमोर विचारलं. "सदतीस." नाय. मी उठून दारात आडवा उभा राहिलो. म्हणलं, "माझ्या बायकूला इथनं हलवायचं नाय. तिनं तीनदा सांगितलंय."

विलास शांत पोरगा. ओरडला नाही. तुझ्याच फळ्याजवळ उभा राहून म्हणला, "बाबा, ओळीनं कुठलेही तीन आकडे घ्या. त्यातला एकच तीननं जातो, दोन जात नाहीत. आई काहीही बोलली असती तरी 'नाही'च जास्त वेळा आलं असतं. हे तिनंच मला शिकवलंय. तुम्हाला 'नाही' ऐकायचं होतं, ते तुम्ही ऐकलं."

दाराची चौकट मी सोडली नाही.

मग ती दुपार. विलास औषधं आणायला गेलेला. शबाना स्वयंपाकघरात वाफाऱ्याचं पाणी तापवत होती. तुझा श्वास करवतीसारखा चाललेला, पण डोळे उघडे, माझ्यावर. माणूस असल्या वेळी देवाचं नाव घेतो. मी आपला चावटपणा केला. हात मांडीवर घेतला आणि म्हणलं, "काय ओ बाई, आता तरी सांगा. सात जन्म मीच चालंल का?"

तू लई वेळ बोलली नाहीस. मला वाटलं आता आकडे बी गेले. मग तू सुरू केलंस, सावकाश, फळ्यावर लिहिताना म्हणावं तसं.

"आठ लाख... तेवीस हजार... पाचशे त्रेचाळीस."

इतका मोठा आकडा तू त्या उन्हाळ्यात बोलली नव्हतीस. शंभरात, फार तर हजाराच्या आत. त्यात शून्य नव्हतं, मला फसायला जागा नव्हती. मी मोजायला लागलो. आठ. दोन. तीन. पाच. चार. तीन. चारी बोटांचे दोन फेरे झाले आणि अंगठा तिसऱ्यांदा करंगळीच्या पहिल्या पेरावर येऊन थांबला. पहिल्याच.

नाय.

मी पुन्हा मोजणार, तेवढ्यात तो हात मिटला. उजवा. महिनाभर ज्यात जीव नव्हता तो. माझा अंगठा त्याच्या मुठीत राहिला आणि मूठ आवळत गेली, कंदिलाची काच बसवावी तशी हळू. शबाना आत आली, तिनं नाडी बघितली आणि भिंतीला टेकली. अंगठा सोडवायला तिला माझी मदत लागली. अंगठा माझाच, तरी.

हे मी विलासला सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या आईनं शेवटी मला नाय म्हणलं? का, शेवटचा आकडा बी फुकटच होता?

त्यानंतर घरात एक झालं, ते शबानालाबी बोललो नाही. सवयीनं मी मोठ्यानं विचारायचो, चहा करू का? आणि आकडा यायचा. गॅसच्या टाकीवर रंगानं लिहिलेला समोर यायचा. भंगारवाला गल्लीत कोणाशी तरी भाव करताना मोठ्यानं ओरडायचा. फाटकापुढं रिक्षा मागं घ्यायला थांबायची आणि तिची नंबरप्लेट खिडकीत बरोबर बसायची. अंगठा पेरावर जायचा, मी मोजायचो. व्हय आलं की चहा करायचो, नाय आलं की बसून राहायचो. एकदा विचारलं, इथंच हाइस का? रिक्षाचे अंक मोजले, अंगठा टोकाला गेला. मग मी विचारणंच बंद केलं. तरी आकडे थांबेनात. मी न विचारलेल्याची बी उत्तरं यायला लागली. व्हय. नाय. नाय. व्हय. कशाला व्हय, बाई? मी काय विचारलं होतं?

विलासचं बोलणं धरून बसलो. तीनात एक जातोच. तीनात एक जातोच. त्याचाच मंत्र केला.

परवा वटपौर्णिमा झाली. गल्लीतल्या बाया सकाळी दोरा, आंबे, ताट घेऊन निघाल्या. दरसाल आपल्या फाटकाशी थांबून "बाई, चला" म्हणायच्या. यंदा आवाज न करता पलीकडच्या बाजूनं गेल्या. बरोबर आहे त्यांचं. मी बाकड्यावर बसून त्यांची पाठ बघत होतो आणि तोंडातून सवयीनं निघालं, "मागितलंस का मला?"

खोलीतून काही आलं नाही. रिक्षा नाही, भंगारवाला नाही. कूलर बी लाईट जाऊन बंद पडलेला. इतकी गप्प गल्ली मी कधी ऐकली नाही. आणि त्या गप्पपणात तुझं वाक्य आलं. बाहेरून नाही, माझ्याच टाळूखालून. सातला कसोटी नाही. भागूनच बघावं लागतं.

मी मूर्ख आहे, बाई. तू जन्मभर सांगत आलीस आणि मी तुझ्या शेवटच्या उत्तराला तीनची कसोटी लावली. प्रश्न सातचा होता.

फळ्यापाशी गेलो. खडू तुझ्या डब्यात होता. आठ लाख तेवीस हजार पाचशे त्रेचाळीस लिहिले, कपाळावर गोंदल्यासारखा पाठ होता तो आकडा. आणि सातचा पाढा म्हणत भागाकाराला लागलो, मोठ्यानं, पोरांसारखा. सात एके सात, एक उरला. बारात सात एकदा, पाच उरले. सात साती एकोणपन्नास, चार उरले. असं करत शेवटाला त्रेसष्ट आले. सात नव्वे त्रेसष्ट. खाली शून्य.

गेला.

मी खाली बसलो. नेमका त्या चार डागांच्या मधी बसलो ते मागून कळलं. विलास काय म्हणंल ते मला ऐकू येत होतं. बाबा, सातात एक जातोच. म्हणून उठलो आणि आलेल्या उत्तराला पुन्हा सातनं भागलं. एक लाख सतरा हजार सहाशे एकोणपन्नास. गेला. मधी एक शून्य आलं, माझा हात टिंब द्यायला निघाला, मी धरला, गोल काढला. सोळा हजार आठशे सात. तो बी गेला. चोवीसशे एक. गेला. माझा पाढा म्हणणारा आवाज मला दुसऱ्याचा वाटायला लागला. तीनशे त्रेचाळीस. गेला. एकोणपन्नास. गेला. सात. सात एके सात.

एक उरला.

फळ्यावर वरून खाली मोजलं. सात वेळा भाग गेला होता, आणि एकदाबी बाकी राहिली नव्हती, तो एक म्हणजे शेवटचं उत्तर.

विलासला फोन लावला. म्हणलं, "कागद घे. आठ लाख तेवीस हजार पाचशे त्रेचाळीस. सातनं भागत जा."

त्यानं आकडा तोंडात एकदा घोळवला. त्याला भागावं लागलं नसंल, तो शिकलेला. मग म्हणला, "बाबा, हा सातचा सातवा घात आहे. कुठून आणला?"

"तुझ्या आईनं सांगितला. शेवटचा."

"तुम्ही काय विचारलं होतं?"

ते मी नाही सांगितलं. लेकाला काय सांगायचं ते. म्हणलं, "आमचं जुनं भांडण होतं."

मग एकदम लहानपणीच्या आवाजात, "बाबा, म्हणजे दवाखान्याला ती खरंच नाही म्हणाली होती."

"तीनदा."

रडला, बाई. तुझ्या जाण्यावर तो धड रडला नव्हता, आता रडला. मी फोन कानाला धरून ठेवला. श्रावणात सुट्टी काढून येतो म्हणला, आणि जेवलात का ते विचारलं नाही.

हे चांगलं झालं. पण चांगल्याच्या मागून दुसरं येऊन बसलं. म्हणजे तू जागी होतीस. त्या गळक्या चेहऱ्याच्या मागं पूर्ण जागी. शेजारचे लोक खाटेपाशी उभे राहून "आता काय राहिलंय, सुटली तर बरं" म्हणायचे तेव्हा. शबाना तुझे केस कापायचे का म्हणून मला विचारत होती तेव्हा. मी कोपऱ्यात बसून तुझ्यादेखत भिंतीला डोकं आपटलं तेव्हा. सगळं बघत होतीस, आणि सांगायला तुझ्याकडं फक्त आकडे. मी चहा-पाण्याचं विचारत बसलो. दुखतंय का, हे सुद्धा विचारलं नाही कधी. आकड्याची भीती वाटायची. तू ते बी समजली असशील.

आणि सातचा सातवा घात तू कधीपासून तयार ठेवला होतास? त्या दुपारी तर नक्की नाही सुचला. दरसाल वडाहून यायचीस, "भागा" म्हणायचीस, तेव्हाच तो तुझ्या पोटात असणार. मी नुसतं "काय भागू?" म्हणून विचारलं असतं तर आकडा दिला असतास. एवढं आयुष्य गेलं, मी चिडून भाकरी मागत राहिलो.

तर सात जन्म. ठीक. हा जन्म धरून का सोडून, ते विचारायचं राहिलं. पुढच्या जन्मात बी तूच बाई हो, मला लवकर शाळेत घाल, आणि शून्य आधी शिकव.

फळा पुसलेला नाही. शबाना बघून गेली, काही विचारलं नाही, खाली कोपऱ्यात खडूनं बारीक अक्षरात "हजर" लिहून गेली.

आता दुपार कलली. लाईट आली, कूलर चालू झालाय, मी तुझ्या जागेवर गार हवेत बसून हे लिहितोय. लिहिता लिहिता तोंडातून गेलं, "बाई, हे बरं लिहिलंय का?" आणि फाटकाबाहेर रिक्षा येऊन थांबली. तिचं इंजिन चालू आहे. कोणी उतरत नाही, कोणी बसत नाही. मी पडदा सरकवत नाही. उत्तर मला नको आहे. पण अंगठा माझा मला न विचारता करंगळीच्या पहिल्या पेरावर जाऊन बसलाय, आणि वाट बघतोय.